कायद्याच्या जाळ्यांत सांपडतें कोण?

पावसाळ्याच्या तोंडावर पाचूबंदरच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मनुष्यास दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली अशी कीं, १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्या मासेमारीकरितां समुद्रांत नेऊं नयेत असा सरकारचा निर्बंध आहे, आणि कुरकुर होत असली तरी तो बहुतांशीं पाळला जातो. कारण हे दिवस मासळीच्या विणीचे आहेत हें कोळ्याच्या आजासही ठाऊक होतें, दर्या खवळलेला आहे हें त्याच्या स्वतःच्या डोळ्यांस दिसतें, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास धंदा पुन्हां सुरू होणार हेंही त्यास माहीत असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, डोल जाळ्याच्या टोकाची वीण फार बारीक ठेविली म्हणजे मासळीचीं पिलें त्यांत गच्च भरतात. त्या दिवशीं जाळें जड लागतें, पण पुढच्या सालची मासळी त्याच दिवशीं नासलेली असते.

कायदा हेंही एक जाळेंच आहे. तें कोठें टाकावें, त्याची वीण किती असावी आणि त्यांत कोण सांपडावा, याचा विचार न करितां तें नुसतें बळकट केलें कीं काम झालें, अशी समजूत मादक द्रव्यांच्या बाबतींत आमच्या देशांत चाळीस वर्षें चालत आली आहे. या चाळीस वर्षांत शिक्षा वाढल्या, जामीन दुर्मिळ झाला, जप्तीचे आंकडे फुगत गेले. पण ज्यांच्याकरितां हा सगळा खटाटोप, त्या तरुण मुलांचें संरक्षण झालें काय? हा प्रश्न विचारणें म्हणजे व्यसनाची तरफदारी करणें नव्हे. वैद्याच्या मात्रेनें ताप उतरला कीं नाहीं असें विचारणारा मनुष्य तापाचा पक्षपाती ठरत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत त्या बाजूचे एक गृहस्थ आमच्या कचेरींत आले. स्वतःची लहान होडी, वडिलार्जित धंदा, घरांत एकुलता मुलगा, वय एकोणीस. मुलगा ‘एमडी’च्या नादीं लागला होता. आधीं आईच्या पाटल्या गेल्या, मग नवीं घेतलेलीं जाळीं गेलीं. बापाला याचें दुःख होतेंच. पण तो विचारावयास आला होता तें निराळेंच होतें. “वकीलसाहेब, पोराला इस्पितळांत नेला, तर तिथून पोलीस त्याला उचलून नेतील काय?” या एका भीतीनें सहा महिने तो मुलाला घरांत कोंडून बसला होता. ज्या कायद्यानें त्या मुलास विषापासून दूर ठेवावयाचें, त्यानें विषापासून दूर ठेविलें नाहींच. वैद्यापासून मात्र ठेविलें! पाचूबंदरचें नांव आम्ही घेतों तें तेथें हें व्यसन इतर गांवांहून अधिक आहे म्हणून नव्हे. मुंबईच्या चाळींत, पुण्याच्या वसतिगृहांत, नाशकाच्या पेठांत असे बाप आहेत. फरक इतकाच कीं, हा बाप वकिलाच्या दारापर्यंत आला.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, निर्बंधाची कल्पना आम्हांस परकी नाहीं. किंबहुना ती आमच्या राष्ट्रीय चळवळीबरोबरच वाढली. परकी सरकारनें या देशांत अबकारीकडे पाहिलें तें तिजोरीच्या दृष्टीनें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ताडी-माडीच्या झाडांवरील कराची जी झळ ठाणें जिल्ह्यांतील भंडाऱ्यांस व बागाइतदारांस लागली, ती वसईच्या जुन्या घराण्यांत अजून ऐकावयास मिळते. १८८० मध्यें पुण्यांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां म्युनिसिपालिटींत जोतीराव फुल्यांनीं त्यास विरोध केला. १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्याच्या गुत्त्यांपुढें निरोधन झालें. १९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी सुरू केली, आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें मादक पेयें व आरोग्यास घातक द्रव्यें औषधाखेरीज बंद करण्याचा प्रयत्न करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. तेव्हां ‘सरकारनें यांत पडूंच नये’ असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

पण त्याच इतिहासाचें दुसरें पान उलटण्याचें धैर्यही असलें पाहिजे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा शुद्ध हेतूचा होता. परंतु मागणी तशीच राहिली आणि दुकान तेवढें बंद झालें. परिणाम असा झाला कीं, मुंबईच्या भोंवतालच्या खाड्यांत, खारफुटीच्या आड हातभट्ट्या पेटल्या आणि गुंडांच्या टोळ्यांस पहिलें भांडवल मिळालें. पुढें सरकारलाच हा निर्बंध सैल करावा लागला. तरी विषारी दारू गेली नाहीं; २०१५ च्या जूनमध्यें मालवणीस तिनें शंभरांहून अधिक गरीब माणसें मारलीं. कायद्याच्या हेतूची शुद्धता ही त्याच्या परिणामाची हमी नसते, हा धडा आम्ही आमच्याच घरीं शिकलों आहों.

आतां आजच्या मुख्य कायद्याकडे वळूं. गांजा व भांग यांचा विचार करण्यास १८९३ मध्यें नेमलेल्या कमिशननें अकराशेंहून अधिक साक्षी घेऊन असा अभिप्राय दिला होता कीं, त्यांवर कर व देखरेख असावी, समूळ बंदी करूं नये. जवळजवळ शंभर वर्षें देश याच धोरणानें चालला. पुढें १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचें बंधन आलें, आणि १९८५ मध्यें अमली औषधि द्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा झाला. विधेयक २३ ऑगस्टला लोकसभेंत आलें आणि १६ सप्टेंबरला त्यास राष्ट्रपतींची संमतिही मिळाली. ज्या कायद्यानें मनुष्य दहा वर्षें तुरुंगांत जातो, त्यावर देशानें महिनाभरही विचार केला नाहीं. या कायद्यांत माल थोडा कीं फार असा विवेक आरंभीं नव्हता. स्वतःच्या वापरापुरतें बाळगणारा सोडला, तर बहुतेकांस किमान दहा वर्षें ठरलेलीं. १९८९ मध्यें दुसऱ्या गुन्ह्यास फांशी अनिवार्य झाली आणि जामिनाचें दार जवळजवळ लागलें. २००१ मध्यें सरकारनेंच दुरुस्ती करून ‘अल्प’ व ‘व्यापारी’ असें प्रमाण घातलें. म्हणजे पहिलें जाळें अति बारीक विणीचें होतें याची ती कबुलीच होय. अनिवार्य फांशीची सक्ती मुंबई उच्च न्यायालयानें २०११ मध्यें काढून ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविली.

इतक्या कडक कायद्याचें फळ काय? ज्या वर्षीं तो झाला त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या गल्लींत ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगर पसरत होती. अनिल अवचटांनीं त्यावर लिहिलें, तें वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं मदतीचा हात पुढें केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत अनिता अवचटांच्या हातून ‘मुक्तांगण’ उभें राहिलें. एका बाजूस दिल्लीचा कायदा आणि दुसऱ्या बाजूस हें लहानसें घर. पहिल्यानें किती तरुण व्यसनापासून वांचले हें कोणास मोजतां आलेलें नाहीं. दुसऱ्याच्या दारांतून शुद्धीवर येऊन बाहेर पडलेलीं माणसें महाराष्ट्रांत गांवोगांव भेटतात.

नंतर मेफेड्रोन आलें. मुलांच्या भाषेंत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत हें द्रव्य कायद्याच्या यादींतच नव्हतें, त्यामुळें पोलिसांस तें धरतां येत नसे. यादींत घालणें अवश्य होतें, तें झालें. २ ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमपासून पुढें व्यापारी प्रमाण ठरलें. मग तें नाहींसें झालें काय? २०२२ च्या ऑगस्टमध्यें मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानें आमच्याच वसई तालुक्यांत, नालासोपाऱ्यास, सुमारें ७०० किलो मेफेड्रोन पकडलें. किंमत १,४०० कोटींच्या घरांत सांगितली गेली. ज्या ५० ग्रॅमला दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे, त्याच्या चौदा हजार पट माल एका ठिकाणीं! २०२४ च्या फेब्रुवारींत पुणें पोलिसांनीं कुरकुंभच्या कारखान्याचा छडा लावून त्याच प्रकरणांत हजार किलोंहून अधिक माल धरला. या कामगिरीबद्दल पोलिसांचें अभिनंदन केलेंच पाहिजे. पण बंदी घातल्यावर सात-आठ वर्षांनीं ज्या द्रव्याचे कारखाने निघतात, त्यास गिऱ्हाईक उदंड असलें पाहिजे, एवढें अनुमान काढण्यास न्यायशास्त्राची पदवी लागत नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस यांतील मर्म इतरांहून लवकर कळेल. जकात चुकविणारा गवताचा भारा नेत नाहीं. तो सोनें नेतो. जेथें धोका मोठा तेथें थोड्या जागेंत अधिक किंमत भरेल असाच माल चालतो. निर्बंधाचा हा न चुकणारा गुण आहे कीं, तो सौम्य व अवजड माल बाजारांतून हांकलतो आणि तीव्र व आटोपशीर माल आंत आणतो. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत हेंच दिसतें. २००४ च्या अहवालांत अफूजन्य द्रव्यांपैकीं अफूच अधिक चालत असे. २०१९ मध्यें हेरॉइन शेंकडा १.१४ आणि अफू ०.५२, असा उलटा क्रम झाला. आजोबाची गोळी गेली आणि नातवाची पुडी आली. या बदलाचीं कारणें अनेक असतील. पण कायद्यानें हा बदल अडविला नाहीं, हें निर्विवाद होय.

त्याच पाहणींतील आणखी एक आंकडा आईबापांनीं ध्यानांत धरावा. हुंगण्याचीं द्रव्यें, म्हणजे पंक्चरचें सोल्यूशन, थिनर वगैरे, हीं प्रौढांत शेंकडा ०.५८ जण घेतात, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.७. मोठ्यांपेक्षां मुलांतच ज्याचें प्रमाण अधिक, असें पाहणींतील हें एकच व्यसन. आणि या द्रव्यास १९८५ चा कायदा लागूच पडत नाहीं. कारण तें कोणा तस्कराच्या गोदामांत नसून सायकलच्या व रंगाच्या दुकानांत, उजेडांत, पांच-पंचवीस रुपयांस मिळतें.

मग या जाळ्यांत सांपडतें तरी कोण? मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांपुढील २०१७ व २०१८ सालच्या खटल्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत जवळजवळ सर्व खटले केवळ सेवनाचे होते, त्यांतील बहुसंख्य गांजाचे, आणि शिक्षा झालेल्यांनीं गुन्हा कबूल करून दंड भरलेला. वकिली करणाऱ्या कोणासही हें चित्र नवीन नाहीं. ओळींत उभीं राहणारीं हीं पोरें बहुधा हमाल, रिक्षावाले, बेकार, पदपथावर राहणारीं. एका सकाळीं गुन्हा कबूल, दंड भरला, सुटले. संध्याकाळीं पुन्हां त्याच गल्लींत. व्यसन तसेंच, आणि कपाळीं गुन्हेगार हा शिक्का नवीन. उलट मोठा माल असला म्हणजे ५० व्या कलमाची झडती बरोबर झाली काय, नमुने नीट घेतले काय, पंच कोण होते, यांवर वर्षानुवर्षें वाद चालतो. तो चालावाच, कारण निरपराध्यास वांचविण्याचा तोच मार्ग. पण त्याचा लाभ ज्याच्या खिशांत पैसा आहे त्यालाच मिळतो.

बाहेरच्या जगाचा अनुभव काय सांगतो? युरोपांत स्वीडन हा निर्बंधाचा मोठा अभिमानी देश. तेथें नववीच्या विद्यार्थ्यांपैकीं मादक द्रव्य एकदां तरी घेतलेल्यांचें प्रमाण १९७१ च्या सुमारास शेंकडा पंधराच्या आसपास होतें, तें १९८९ पर्यंत तीनांवर आलें. सेवन हाच गुन्हा ठरला १९८८ मध्यें, आणि त्यास तुरुंग आला १९९३ मध्यें. म्हणजे प्रमाण उतरलें तें बहुतांशीं त्याच्या आधीं! उलट कायदा कडक झाल्यावर, १९९० नंतरच्या मंदींत व बेकारींत, तें पुन्हां चढत २००१ च्या सुमारास नऊ-दहांपर्यंत गेलें. एकूण वापर तेथें इतरांहून कमी राहिला हें खरें. पण मादक द्रव्यांनीं मरणाऱ्यांच्या प्रमाणांत स्वीडन युरोपांत वरच्या पंक्तींत आहे. ज्यास लपून घ्यावें लागतें तो मरतोही लपूनच. पोर्तुगालनें २००१ च्या जुलैपासून स्वतःपुरत्या मालाचा गुन्हा रद्द केला, विक्री गुन्हाच ठेविली, आणि पकडलेल्यास वैद्य व समाजसेवक यांच्या मंडळापुढें उभें केलें. तेथें तरुण बिघडून आकाश कोसळलें नाहीं. पण अमेरिकेच्या ओरेगन राज्यानें २०२१ मध्यें शिक्षा तेवढी काढली, उपचार वेळेवर उभे केले नाहींत, आणि २०२४ मध्यें त्यास माघार घ्यावी लागली. नुसता दंडुका जसा पुरत नाहीं, तसा नुसता दंडुका फेंकूनही भागत नाहीं.

या सर्वांत बोधप्रद उदाहरण आइसलंडचें. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकीं गेल्या महिन्यांत दारूनें झिंगलेलीं १९९८ मध्यें शेंकडा ४२ होतीं, २०१६ मध्यें ५. गांजा चाखलेलीं १७ होतीं, तीं ७ झालीं. त्यांनीं निर्बंध घातलेच: वीस वर्षांखालील मुलास दारू नाहीं, जाहिराती नाहींत, लहान मुलांनीं रात्रीं उशिरां बाहेर राहूं नये. पण त्याबरोबर प्रत्येक मुलास खेळ, गाणें वा कला शिकण्याकरितां सरकारी पैसा दिला, आणि आईबापांकडून मुलांबरोबर वेळ घालविण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. पाचूबंदरची जून-जुलैची बंदी जशी दर्याचें कारण दाखवून पाळून घेतां येते, तसाच हा प्रकार. ज्यास कारण कळतें व दुसरी वाट मिळते, त्याच्यावर निर्बंध चालतो.

यावर कोणी म्हणेल, कीं धाक सुटला तर मुलें बेफाम होतील. धाक सोडा असें आम्ही म्हणतच नाहीं; तो योग्य माणसास दाखवा, एवढेंच आमचें म्हणणें. कारखानदार, रसायनें पुरविणारा, पैसा लावणारा, मुलांच्या हातून पुड्या विकवून घेणारा यांस कायद्याची पुरी धार लागली पाहिजे. बालन्याय कायद्याच्या ७७ व ७८ या कलमांनीं मुलास मादक पदार्थ देणाऱ्यास व त्याच्याकडून विकवून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे; तीं कलमें पुस्तकांतून बाहेर काढा.

परंतु व्यसनांत सांपडलेल्या मुलाकरितां १९८५ च्या कायद्यांतच एक दार ठेविलेलें आहे, आणि तें कोणी दाखवीत नाहीं. ६४-अ कलम असें सांगतें कीं, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य सरकारमान्य इस्पितळांत आपणहून उपचारास गेला, तर त्यावर खटला चालावयाचा नाहीं. मात्र उपचार अर्धा टाकला तर ही सवलत जाऊं शकते. ३९ व्या कलमानें न्यायालयासही शिक्षेऐवजीं उपचारास पाठविण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या कचेरींत आलेल्या बापास हें ठाऊक नव्हतें. त्याला कायद्याचे दांत माहीत होते, दार माहीत नव्हतें. राष्ट्रीय पाहणीप्रमाणें दारूच्या आहारीं गेलेल्या अडतीसांपैकीं एकास कोणताही उपचार मिळतो, आणि बेकायदा द्रव्यांच्या आहारीं गेलेल्या वीसांपैकीं एकालाच इस्पितळांत राहून उपचार मिळालेला असतो. चाळीस वर्षांत तुरुंगाची भिंत जितकी उंच केली, तितक्या खाटा घातल्या असत्या तर हा आंकडा लिहावा लागता ना!

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें. सरकारनें ६४-अ कलमाचा मराठी तर्जुमा प्रत्येक पोलीसठाण्यांत, शाळेंत व इस्पितळांत ठळक अक्षरांत लावावा, आणि प्रथम सांपडलेल्या मुलास दंडाधिकाऱ्यापुढें नेण्यापूर्वीं त्याच्या घरच्यांस हें दार दाखविण्याची सक्ती पोलिसांवर करावी. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी इस्पितळांत व्यसनोपचाराच्या खाटा व त्यांस वाहिलेला वैद्य असावा. वसई-विरार महानगरपालिकेनें आपल्या अंदाजपत्रकांत गटारें व दिवे यांच्याप्रमाणें मुलांचीं मैदानें व संध्याकाळचे वर्ग यांस वेगळी रक्कम तोडावी. ज्या एकसष्ट दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्याच दिवसांत बंदरावरील तरुण पोरांचे हात रिकामे असतात. त्या दोन महिन्यांत यंत्रदुरुस्तीचे, दिशादर्शक यंत्रांचे, मासळी टिकविण्याचे वर्ग काढणें हें कांहीं डोंगर उचलण्याचें काम नव्हे.

व्यापारी बंधूंस एक निराळी विनंति आहे. औषधवाल्यांनीं चिठ्ठीवांचून खोकल्याच्या व झोंपेच्या औषधांचा खप करूं नये. सायकलवाल्यानें व रंगवाल्यानें दहा वर्षांच्या पोराच्या हातीं थिनरची बाटली देण्यापूर्वीं क्षणभर आपल्या घरच्या पोराचा चेहरा आठवावा. यास दिल्लीचा कायदा लागत नाहीं. गल्ल्यावर बसणाऱ्याचें मन लागतें. आणि आईबापांनीं अब्रूच्या भीतीनें दार लावून घेऊं नये. मुलगा व्यसनी झाला हें दुःख आहे. तो वैद्याविना मेला हें पाप होईल.

त्या गृहस्थास आम्हीं कलम वाचून दाखविलें. तें ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “हें सहा महिन्यांपूर्वीं कुणी सांगितलं असतं तर?” याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें सरकारपाशीं आहे, पोलिसांपाशीं आहे, आणि हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकापाशीं आहे. मोठा मासा जाळें फाडून जातो आणि पिलांनीं जाळें भरतें, अशा मासेमारीस आमचे कोळी शहाणपण म्हणत नाहींत. राज्यकारभारांतच तिला शहाणपण कां म्हणावें?